तीन किलो प्रेशर

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी चंद्रप्रभाबाई मेश्रामांची गाडी निजामुद्दीनच्या पुलावर बंद पडली. आधी तिने दोन आचके दिले, मग कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ती जोर धरीना, आणि पुलाच्या ऐन मध्यावर येऊन ती गप्प झाली. खाली यमुना होती. तीही काही फार हलत नव्हती.

मागून हॉर्न सुरू झाले. शेजारून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने "आंटी, घर पे बैठो" असा सल्ला दिला. बाईंनी चारही दिवे चमकवत ठेवले, काच खाली घेतली, पर्समधून डायरी काढली आणि तारीख, वेळ, जागा लिहिली. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तेही त्यांनी लिहिलं.

चंद्रप्रभाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या. वडील विडीच्या कारखान्यात होते. परीक्षा देऊन त्या केंद्र सरकारच्या नोकरीत लागल्या आणि १९८१ साली एक ट्रंक घेऊन दिल्लीत आल्या. पहिली दोन वर्षं मुनिरक्यात आणखी दोन मुलींबरोबर एका खोलीत काढली. खोलीला खिडकी होती. ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत दिसायची. पुढे त्या एका मंत्रालयात कक्ष अधिकारी झाल्या. तीस वर्षांत हजारो फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या, आणि सेक्शनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट शिकवली: "काय झालं ते लिहा. तुम्हाला काय वाटलं, ते कोणी विचारलेलं नाही."

त्यांचे यजमान दीनानाथ त्याच मंत्रालयात हिंदी अनुवादक होते. आता निवृत्त होऊन मयूर विहारच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्या लावत. मुलगी अलका लग्न होऊन नोएडात राहत होती.

गाडी चालवायला बाई वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने दीनानाथांना विचारलं होतं, "मॅडम सीख जाएँगी?" दीनानाथ म्हणाले होते, "मला येत नाही, तेव्हा मी काय सांगणार?" बाई शिकल्या आणि त्यांनी एक लहानशी पांढरी गाडी घेतली. फ्लॅट दोघांच्या नावावर होता, गॅस दीनानाथांच्या, फोनही दीनानाथांच्या. केवळ त्यांच्या एकटीच्या नावावर असलेली ही पहिलीच वस्तू. घराजवळ मेट्रो आली होती आणि ती वेळेवर धावायची, हे त्यांना मान्य होतं. पण गाडीतल्या त्या चाळीस मिनिटांत त्यांच्याकडे कुणी काही मागत नसे. मेट्रोत तेवढी सोय नव्हती.

पुलावरच्या प्रकारानंतर दोनदा तसंच झालं, तेव्हा त्या दीनानाथांना बरोबर घेऊन जवळच्या एका गॅरेजमध्ये गेल्या. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि दीनानाथांकडे वळून म्हणाला, "सर, पंप गया।"

"कौन सा पंप?" दीनानाथांनी विचारलं.

"टंकी वाला। पेट्रोल का।"

"आपने कैसे जाना?" हे बाईंनी विचारलं.

मिस्त्री दीनानाथांना म्हणाला, "सर, पच्चीस साल का तजुर्बा है।"

पंप बदलला. जुना पंप बाईंनी मागून घेतला. जुनी वस्तू ताब्यात घेतल्याशिवाय नवी मंजूर करायची नाही, ही सरकारी सवय. मिस्त्रीला ते विचित्र वाटलं, पण त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला.

अकराव्या दिवशी गाडी अक्षरधामच्या वळणावर बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "सर, पीस डुप्लिकेट निकला," आणि त्याने दुसरा पंप बसवला. नवव्या दिवशी ती पुन्हा पुलावर थांबली, पहिल्या वेळच्या जागेपासून शंभर पावलांवर.

रविवारी अलका आली. "आई, विकून टाक ना यार," ती म्हणाली. "या वयात कशाला टेन्शन? कॅब आहे, मेट्रो आहे."

"गाडीचं वय पाच वर्षं आहे," बाई म्हणाल्या.

"मी गाडीचं नाही म्हणत."

बाईंनी तिला दुसरी पोळी वाढली आणि विषय संपवला. पण त्या रात्री त्यांना बराच वेळ झोप लागली नाही. टेम्पोवाल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. तेच वाक्य मुलीच्या तोंडून वेगळ्या शब्दांत आलं, तेव्हा लागलं.

जूनमध्ये महाराष्ट्र मंडळात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता. तिथे बाईंच्या शेजारी काळा चष्मा लावलेले एक उंच, सडसडीत गृहस्थ ताठ बसले होते. हे मल्हारी शेंडगे. गाव सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. लष्करात चोवीस वर्षं गाड्यांची दुरुस्ती करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता छावणीजवळ मुलाकडे राहत होते. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता. भाषणं लांबली तशा गोष्टी निघाल्या आणि बाईंनी गाडीची हकीकत सांगितली. सांगितली म्हणजे डायरी उघडून वाचली: तारखा, वेळा, किती मिनिटांनी बंद पडली, टाकीत पेट्रोल किती होतं, ऊन किती होतं.

शेंडगे शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "दोन पंप बदललं. प्रेशर कुणी मोजलं का?"

"कसलं प्रेशर?"

"पेट्रोलचं. पंप पेट्रोल इंजिनाकडं ढकलतो. किती जोरानं ढकलतो ते मोजायचं यंत्र असतंय. तुमच्या गाडीला तीन किलो पाहिजे. मोजलं?"

"नाही."

"मग पंप गेला हे त्यांना कुणी सांगितलं?"

बाईंनी डायरी मिटली. महिनाभर त्या ज्याच्या शोधात होत्या तो प्रश्न हाच होता. 'पंप गया' ही घडलेली गोष्ट नव्हती. ते मिस्त्रीला वाटलेलं होतं.

"तुम्ही मोजाल का?" त्यांनी विचारलं.

"मी न्हाई. डॉक्टरनं महिनाभर वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय. डोळ्याला जोर पडतो." त्यांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही मोजा. मी सांगतो."

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता शेंडगे एक लोखंडी पेटी घेऊन रिक्षाने मयूर विहारला आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिच्यावर ते बसले आणि उठेपर्यंत त्यांनी मान खाली घातली नाही. बाईंनी जुना सलवार-कमीज घातला होता. दीनानाथांना आग विझवायचा लाल सिलिंडर धरून उभं केलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला निघाले होते, ते थांबले. "मेश्राम मॅडम, पार्किंग में रिपेयरिंग अलाउड नहीं है।"

"व्यावसायिक रिपेयरिंग," बाई म्हणाल्या. "कमर्शियल. नियम सत्रह. मैं किसी को कुछ दे नहीं रही, कोई मुझसे कुछ ले नहीं रहा।"

नियमावली बाईंनीच लिहिली होती, हे सेक्रेटरींना आठवलं. ते पुढे चालू लागले.

"आधी फ्यूज काढा पंपाचा," शेंडगे म्हणाले. "इंजिन चालू असतानाच. पाइपातलं पेट्रोल जळून जाऊ द्या. न्हाईतर पाइप सोडवला की तोंडावर फवारा येतोय."

बाईंनी फ्यूज काढला. इंजिन थोडं खोकलं आणि बंद पडलं. मग पाइपाच्या जोडाभोवती फडकं गुंडाळून तो सोडवला, मधे पेटीतलं प्रेशर मोजायचं गेज बसवलं, फ्यूज परत लावला आणि चावी अर्धी फिरवली. मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज आला.

"काटा कुठं हाय?"

"पावणेतीनच्या जरा वर."

"चालवा." चालू इंजिनावरही तेवढंच भरलं. "बंद करा. आता पाच मिनिटं बघत बसा. काटा खाली आला तर कुठंतरी गळतंय."

पाच मिनिटं बाई काट्याकडे बघत बसल्या. तो हलला नाही.

"म्हणजे ठीक आहे?" दीनानाथांनी विचारलं.

"आत्ता ठीक हाय. डॉक्टरसमोर बसलं की पेशंटचं दुखायचं थांबतंय. चला, रस्त्यावर न्यायची."

गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर चिकटपट्टीने डकवली, काटा आतून दिसेल अशी. बाई चालवणार, शेजारी शेंडगे एका डोळ्याने काटा वाचणार, मागे दीनानाथ आकडे लिहिणार. अशी ही तीन ज्येष्ठांची तुकडी नोएडाच्या दिशेने निघाली. एसी पूर्ण लावलेला, कारण डायरीप्रमाणे बंद पडण्याच्या प्रत्येक वेळी एसी चालू होता.

"पावणेतीन," शेंडगे दर दोन मिनिटांनी म्हणत. "पावणेतीन. पावणेतीन."

सेक्टरांचे आकडे वाढत गेले. बत्तिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "अडीच." मग "सव्वादोन. ताई, डावीकडं घ्या. दोन. दीड." गाडीने दोन आचके दिले. बाईंनी ती एका कारखान्याच्या भिंतीलगत कडुलिंबाखाली नेली आणि ती तिथे बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा त्यांना आनंद झाला. तो त्यांनी दाखवला नाही.

"मेश्रामसाहेब, उतरा," शेंडगे म्हणाले. "तुमच्या सीटखाली काम हाय."

दीनानाथ उतरले. बाईंनी मागची सीट उपसली. खाली पत्र्याचं गोल झाकण, त्याखाली पंपाचं डोकं आणि त्यात गेलेल्या वायरी. शेंडग्यांनी पेटीतून व्होल्ट मोजायचं मीटर काढून दिलं.

"पंप ढिला पडला, की पंपाला खायलाच कमी मिळतंय, ते बघायचं. दीनानाथसाहेब स्टार्टर मारतील. तुम्ही बघा, पंपाच्या वायरीत किती व्होल्ट येतायत."

दीनानाथांनी जन्मात चावी फिरवली नव्हती. ती त्यांनी फिरवली.

"नऊ," बाई म्हणाल्या. "नऊला जरा कमीच."

"पाहिजेत किती? बाराच्या आसपास. आता मीटरची एक पिन पंपाच्या काळ्या वायरीला, दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला. फिरवा."

"पावणेतीन व्होल्ट."

"तिथं शून्य पाहिजे. दशांशात आलं तर चालंल." शेंडगे सीटला टेकले. मग त्यांनी निकाल दिला: "अर्थ खराब हाय."

तीस वर्षं अनुवाद केलेल्या दीनानाथांनी विचारलं, "कशाचा?"

"पंपाचा."

"पंपाला अर्थ असतो?"

"साहेब, काळी वायर. वीज लाल वायरीनं जाती आणि काळीनं पत्र्यात परत येती. परतीचा रस्ता खराब असंल तर वायर तापंल तसा तो आणखी बंद होतोय. वीस मिनिटं गार झाली की परत चालू. ताई, ती वायर कुठं जाती बघा."

वायर डावीकडे पायाखालच्या गालिच्यात शिरत होती. बाईंनी गालिचा उचलला. खालचा नमद्याचा जाड थर ओला होता आणि त्याला मातीचा वास होता. वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळली होती, तिथे गंजाचा एक तपकिरी गोळा बसला होता.

"इथं पाणी आलं कुठनं?" शेंडगे म्हणाले. "दरवाजाचं रबर तर चांगलं दिसतंय."

दीनानाथांनी वाकून त्या ओलीला बोट लावून पाहिलं. मग दीनानाथ म्हणाले, "रोपं."

"काय?"

"नर्सरीतून आणतो ना. मी डावीकडे पायापाशी ठेवतो. नर्सरीवाला पाणी घालून देतो." आणि जरा थांबून: "पाच वर्षं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर त्यांच्या मनात गॅरेजवाल्याविषयी, टेम्पोवाल्याविषयी, प्रसंगी अलकाविषयीही बरंच साठलं होतं. या माणसाचं नाव त्या यादीत कुठेच नव्हतं.

"कोणतं रोप?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक सगळी. मोगरा जास्त."

बाईंनी डायरीत लिहिलं: कारण: मोगरा. आणि पॉलिश पेपर मागितला.

अर्धा तास घासून पत्रा चमकायला लागला. वायरीचं टोक कापून नवं लावलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. आता त्या जागी मीटरने जवळजवळ शून्य दाखवलं. गाडी सुरू झाली. पण परतीच्या वाटेवर काटा सव्वादोनवर येऊन तिथेच रेंगाळला. गाडी बंद पडली नाही, पण फ्लायओव्हर चढताना हमालासारखी धापा टाकत होती.

"दुसरा आजार," शेंडगे म्हणाले. "आता व्होल्ट पुरे मिळतायत, तरी प्रेशर न्हाई. म्हणजे आता पंपच कच्चा. दुसऱ्यांदा बसवलेला हलका हाय."

"म्हणजे पहिला चांगला होता?"

"पहिला कंपनीतनं आलेला. त्याला उपाशी ठेवलं आणि वर आळशी म्हणून काढून टाकलं. कुठं हाय तो?"

"कपाटात. साड्यांच्या खाली."

पुढच्या रविवारपर्यंत बाईंनी पंपाची नवी जाळी आणि टाकीच्या तोंडाचं नवं रबर आणून ठेवलं, आणि टाकीतलं पेट्रोल पाव हिश्श्यावर येईल असा हिशेब ठेवून गाडी चालवली. शेंडगे आले, खुर्चीवर बसले. चौकीदार विडी ओढत बघायला आला होता, त्याला दीनानाथ स्वतः गेटपर्यंत सोडून आले. चारही दरवाजे उघडे. पुन्हा फ्यूज काढून प्रेशर उतरवलं. बॅटरीची काळी वायर सोडली. मागची सीट, झाकण, वायरींचा जोड, दोन पाइप. मग पंप धरून ठेवणारी मोठी चकती.

"हातोडी थेट मारू न्हका. लाकडाचा ठोकळा लावा, हळूहळू फिरंल. लोखंडावर लोखंड न्हको, ठिणगी पडंल."

बाईंनी पोळपाटाचा तुटका पाय आणला होता. त्याने पंधरा ठोके मारल्यावर चकती हलली. पंप वर आला, पेट्रोल निथळत, बाजूला तरंगणारा दांडा घेऊन.

"तिरका करा. दांडा वाकला तर डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलंल."

पेट्रोलचा वास डोक्यात गेला होता. गुडघे पत्र्यावर टेकून दुखत होते. चौपन्नाव्या वर्षी माणसाने कशात डोकं घालावं याविषयी अलकाचं एक मत होतं, आणि त्या क्षणी बाईंना ते फारसं चूक वाटत नव्हतं. पण हात थांबले नाहीत. जुना पंप आत गेला, नवं रबर नीट बसलं, चकती उलट्या बाजूने आवळली गेली.

"लगेच चालू न्हका करू. चावी अर्धी फिरवा, बंद करा. असं तीनदा. पाइप भरू द्या. मग वाकून बघा कुठं ओलं दिसतंय का."

कुठेही ओलं नव्हतं. चौथ्यांदा इंजिन सुरू झालं.

"काटा?"

बाई बॉनेटपाशी गेल्या. चष्मा पुसला. "तीन."

"परत बघा."

"तीन. बरोबर रेषेवर."

शेंडगे खुर्चीवरून उठले. वाकायचं नव्हतं, म्हणून ताठ उभे राहून त्यांनी तो आवाज थोडा वेळ ऐकला. "आमच्याकडं नवी पोरं यायची," ते म्हणाले, "त्यांना हे शिकवायला दोन महिने लागायचं. तुम्हाला दोन रविवार लागलं." मग जरा विचार करून, खरं सांगितलं पाहिजे म्हणून पुढे म्हणाले, "दोन पोरं होती, त्यांना दोन रविवारात आलं होतं. तुम्ही तिसऱ्या."

बाईंना मंत्रालयात दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ती कुठे ठेवलीत, ते त्यांना त्या वेळी आठवेना.

दुपारी जेवणाला अलका आली. आईच्या नखांत काळं पाहून ती म्हणाली, "आई, ये क्या है?"

"ग्रीस."

"कुठल्या मिस्त्रीने केलं?"

दीनानाथ ताटावरून म्हणाले, "तुझ्या आईने. बिघडवलं मी."

अलकाने आधी दोघांकडे पाहिलं, मग शेंडग्यांकडे. ते शांतपणे भाताला कढी घालत होते. गाडी विकण्याचा विषय त्या घरात त्यानंतर निघाला नाही. मात्र महिन्याभराने तिचा ऑफिसातून फोन आला. तिची स्वतःची गाडी सकाळी लवकर सुरू होत नव्हती आणि मिस्त्री पंप बदलायचा म्हणत होता. बाई म्हणाल्या, "थांब. रविवारी ये. मोजू."

पण दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, चंद्रप्रभाबाई एकट्या ऑफिसला निघाल्या होत्या. नऊच्या सुमारास निजामुद्दीनच्या पुलावर कुठेतरी पुढे ट्रक आडवा झाला होता, आणि गाड्या सत्तेचाळीस मिनिटं तिथे खोळंबल्या. ऊन काचेवर आलेलं. एसी चालू. बाईंनी पहिली वीस मिनिटं इंजिनाकडे कान लावला. मग आरशात केस नीट केले. मग शेजारच्या बसच्या मागे लिहिलेलं सगळं वाचलं, दोनदा. त्यानंतर त्यांना कंटाळा आला, साधा, निखळ कंटाळा, दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि तो त्यांनी रस्ता मोकळा होईपर्यंत मनसोक्त घेतला.